दारात काय बोलावं

वर्ग संपत आला की व्हर्लन प्रुइट टीव्हीचा विनोद सांगायचा. एका माणसाचा टीव्ही चोरीला जातो. विमा कंपनीला तो वरचेवर फोन करतो आणि दर फोनला टीव्ही थोडा थोडा मोठा होत जातो. शेवटी कंपनीचा माणूस विचारतो, "साहेब, चोरांनी तो दारातून बाहेर कसा काढला?" विनोद बरा आहे की नाही, हे व्हर्लनला बारा वर्षांत ठरवता आलं नव्हतं. पण तो गाळला तर वर्ग वेळेआधी संपायचा, आणि वेळेआधी संपलेला वर्ग सरकार धरत नाही.

डेल्फाच्या हॉटेलच्या मागच्या खोलीत त्या दिवशी वीसेक माणसं बसली होती. काही विमा एजंट, काही नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर. दर दोन वर्षांनी ठरावीक तास वर्गात बसल्याशिवाय ओक्लाहोमात या मंडळींचं लायसन पुढे चालत नाही, त्यातही सचोटीचे तास चुकवून चालत नाहीत. म्हणून दात दाखवायला डॉक्टरकडे जावं तसे सगळे व्हर्लनकडे यायचे. पुढच्या खोलीतून तळलेल्या माशांचा वास यायचा आणि शेवटच्या तासाला सचोटीपेक्षा त्या वासाकडेच सर्वांचं लक्ष असायचं.

विनोदाला कोणी हसलं नाही. फक्त दुसऱ्या रांगेत विणकाम घेऊन बसलेल्या ट्वायला हॅस्केटने टेबलावर थाप मारली आणि ती इतकी खदखदून हसली की लोकरीचा गुंडा खाली पडून घरंगळत गेला. मग डोळे पुसत तिने विचारलं, "आणि ते गिऱ्हाईक आपला मेव्हणाच असला तर?"

व्हर्लनने उत्तर दिलं खरं, पण बोलता बोलता तो अडखळला. ही थाप, हा घरंगळणारा गुंडा, हा मेव्हणा, हे सगळं त्याने आधी पाहिलं होतं. गेल्या वसंतात. इथेच. मग त्याला वाटलं, आपल्याला भास होत असेल. व्हर्लनचा स्वतःच्या स्मरणशक्तीवर फारसा विश्वास नव्हता. खरं तर स्वतःच्या कशावरच नव्हता.

मंडळी जेवायला पुढे गेली. व्हर्लनने लॅपटॉप उघडून एकेक नाव सरकारकडे पाठवायला घेतलं. सगळी नावं गेली, एकच परत आलं. ट्वायला हॅस्केट, हा वर्ग या मुदतीत आधीच केलेला आहे, दुसऱ्यांदा धरला जाणार नाही.

तो पुढच्या खोलीत गेला. ट्वायला माशाचा पहिला तुकडा तोंडात घालत होती. तिच्यासमोर बर्ल ओडम बसला होता. बर्ल हा जुना सर्व्हेअर, आयुष्यभर लोकांच्या छपरांवर चढून चढून गुडघ्यांतून वाकलेला.

"ट्वायलाबाई," व्हर्लन हळूच म्हणाला, "तुम्ही गेल्या वर्षी आला होतात का हो माझ्या वर्गाला?"

"आले होते की. दरवर्षी येते. का?"

"वर्ग तोच आहे."

"तोच म्हणजे?"

"बारा वर्षं तोच आहे. एका मुदतीत एकदाच धरतात."

ट्वायलाने काटा खाली ठेवला. "म्हणजे सकाळपासून मी जे ऐकलं ते मी आधी ऐकलं होतं?"

"हो."

"टीव्हीवालं पण?"

"ते पण."

बर्लला हसू आवरेना. "मी एक वर्ष आड येतो," तो म्हणाला. "मलाही त्यातलं काही आठवत नाही. पण आपल्याला आठवत नाही, एवढं मला आठवतं!"

"तू गप रे." ट्वायलाचा चेहरा उतरला होता. "माझी मुदत आज संपते, व्हर्लन. आजचे तास धरूनच माझे तास भरणार होते."

हे व्हर्लनला ठाऊक नव्हतं. तो समोरची खुर्ची ओढून बसला. ट्वायलाच्या एजन्सीत लायसन असलेलं माणूस ती एकटीच. लायसन गेलं तर कचेरीला कुलूप, आणि या वयात पुन्हा परीक्षेला बसायचं. गारांचा मोसम तर नुकता सुरू झालेला. अर्ध्या तालुक्याची छपरं तिच्या भरवशावर होती.

"संगणकावरचा एखादा वर्ग करा ना आज," व्हर्लन म्हणाला.

"माझं त्याच्याशी जमत नाही. तो मध्येच विचारतो, तुम्ही अजून आहात ना? आणि मी नसते." तिने आवाज खाली आणला. "तू असं कर. तुझा तो दुपारचा वर्ग असतो ना कार्डावर लिहिलेला? त्यात माझं नाव घालून टाक. मी घरी जाते, तू घरी जा. कोणाचं काय बिघडलं?"

व्हर्लन तिच्याकडे बघतच राहिला. "ट्वायलाबाई, सकाळी आपण कसला वर्ग केला?"

"सचोटीचा."

"दोनदा!" बर्ल म्हणाला. "बाईंनी तो दोनदा केलाय. तरी बघ."

ट्वायला स्वतःच हसली, आणि मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते व्हर्लनला सहन झालं नाही.

दुपारचा वर्ग खरोखरच होता. सर्व्हेअरच्या कामातून निवृत्त झाल्यावर व्हर्लनने तो स्वतः लिहिला होता, सरकारने मंजूरही केला होता. ज्याचं घर मोडलंय त्याच्या दारात जाऊन पहिल्यांदा काय बोलावं, एवढाच त्याचा विषय. लिहून झाल्यावर त्याला वाटायला लागलं, हे तर सगळ्यांना ठाऊकच असणार, आपण काय नवीन सांगितलं? दरवर्षी तो वर्गांच्या वेळापत्रकाच्या कार्डावर सकाळी सचोटी आणि दुपारी 'दारात काय बोलावं' असं छापायचा. दुपारी कोणी यायचं नाही. व्हर्लनला थोडं वाईट वाटायचं आणि पुष्कळ सुटल्यासारखं वाटायचं.

"घेतो मी दुपारचा," तो म्हणाला. "पण पूर्ण घेणार. आणि तुम्ही पूर्ण बसायचं. मध्ये उठलात तर सगळंच फुकट."

"बसते. खिळे ठोकून बसव."

"तो नीट झालेला नाही अजून. कधी घेतलेला नाही मी."

"अरे, मी सकाळचाच विसरले. दुपारचा काय लक्षात ठेवणार आहे? घे बिनधास्त."

यात धीर देण्याचा हेतू होता, हे व्हर्लनला जरा उशिरा कळलं.

खोलीकडे परततात तर डेल्फा तिथे फुगे बांधत होती. "दुपारचा वर्ग तू दरवर्षी रद्द करतोस, राजा," ती म्हणाली. डेल्फा सगळ्यांनाच राजा म्हणायची, उधारीवाल्यांनासुद्धा. "मी खोली देऊन टाकली. मिस ओपल नव्वदीच्या झाल्या, त्यांचा केक आहे."

बाहेर बसायची सोय नव्हती. वारा असा सुटला होता की व्हर्लनचे कागद शेजारच्या कॅन्सस राज्यापर्यंत पोचले असते. पुढची खोली जेवणाऱ्यांनी भरलेली. शेवटी डेल्फाने त्यांना मागच्याच खोलीत, पियानोच्या आडोशाला एक टेबल दिलं. ट्वायला बसली. केक मिळेल म्हणून बर्लही बसला. व्हर्लनने मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं, घसा साफ केला आणि मान खाली घालून वाचायला लागला.

"पहिला मुद्दा. दार वाजवल्यावर दोन पावलं मागे सरून उभं राहावं. आत येण्याची घाई करू नये."

"काय म्हणतोय तो?" पियानोपलीकडून आवाज आला. मिस ओपल डोक्यावर कागदी मुकुट घालून खुर्चीत बसल्या होत्या.

"मागे सरून उभं राहावं म्हणतोय, मावशी," त्यांची भाची म्हणाली.

"कोण सरतंय मागे! वादळाच्या वर्षी माझ्याकडे आलेला तो विम्याचा तरणाबांड पोरगा थेट स्वयंपाकघरात घुसला."

"मावशी, तेव्हा तुझं स्वयंपाकघर होतं कुठे? ते शेजारच्या शेतात पडलं होतं."

"तेच म्हणते मी. शेतात जाऊन घुसला! मला विचारलं नाही."

सगळी खोली हसली. व्हर्लनने घड्याळाचा खटका दाबून ते थांबवलं.

"हे काय करतोस?" ट्वायलाने विचारलं.

"हसण्यात गेलेला वेळ धरता येणार नाही."

"अरे देवा," ट्वायला म्हणाली आणि तिने विणकाम काढलं.

दुसऱ्या मुद्द्याला वाढदिवसाचं गाणं झालं, व्हर्लनने घड्याळ थांबवलं. गाणं संपल्यावर मिस ओपलना ते पुन्हा हवं झालं, कारण पहिल्या वेळी त्यांचा एक भाचा चुकीच्या सुरात गायला होता. घड्याळ थांबलेलंच राहिलं. तिसऱ्या मुद्द्याला केक आला. बर्लने केक खाताना वर्ग चालू ठेवायला काय हरकत आहे असं विचारलं, व्हर्लनने विचार करून हरकत नाही असं ठरवलं, पण तेवढ्यात एक फुगा फुटला.

"या हिशेबाने मी इथून पेन्शनीतच निघेन," ट्वायला म्हणाली.

मात्र हळूहळू काहीतरी वेगळंच व्हायला लागलं. 'कसं वाटतंय असं विचारू नये,' असं व्हर्लनने वाचल्यावर पलीकडचा एक म्हातारा म्हणाला, "बरोबर आहे. मला विचारलं होतं एकाने. मी म्हटलं, छप्पर नसल्यावर जसं वाटतं तसं." भाची म्हणाली, "आमच्याकडे आलेल्या बाईने आधी कुत्र्याला जवळ घेतलं. कंपनीने किती दिलं ते आता आठवत नाही, ती बाई आठवते." खुर्च्या सरकल्या. फुगे बाजूला झाले. पियानोच्या अलीकडे-पलीकडे असं काही उरलं नाही. व्हर्लनने मान वर केली तेव्हा सगळा वाढदिवस त्याच्याकडे तोंड करून बसला होता. त्याचा हात घड्याळाच्या खटक्याकडे गेला. पण हे सगळं विषयाला धरूनच होतं. घड्याळ थांबवायचं काही कारण नव्हतं.

ट्वायलाच्या सुया थांबल्या होत्या. "मी पहिल्यांदा पॉलिसीचा नंबर विचारते," ती हळूच बर्लला म्हणाली. "तीस वर्षं. पहिल्यांदा नंबर."

"मी बूट पुसायचं विसरतो," बर्ल म्हणाला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. हॉइट मॅक्सी आत आला. उत्तरेकडच्या रस्त्यावर त्याची जमीन आणि गुरं होती. टोपी हातात, सदऱ्याला चिखल.

"मिस ट्वायला! फोन का उचलत नाही तुम्ही? अर्ध्या तालुक्यात शोधलं तुम्हाला."

फोन वर्गाच्या नियमाप्रमाणे बंद होता. ट्वायला अर्धवट उठली. "काय झालं?"

"गारा झाल्या आमच्याकडे. छप्पर चाळणी झालंय. चला तुम्ही माझ्याबरोबर."

ट्वायलाने पर्स उचलली. मग ती तशीच थांबली, ना उभी, ना बसलेली. दारातून पाऊल बाहेर पडलं की वर्ग फुकट, आणि मध्यरात्रीनंतर ती हॉइटच्या काय, कोणाच्याच कामाची राहणार नव्हती. नाही गेली तर हॉइट काय म्हणेल? तिने व्हर्लनकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

इतक्या लोकांनी एकदम आपल्याकडे बघावं ही व्हर्लनला जगातली सर्वांत नकोशी गोष्ट. त्याने कागदांत डोकं घातलं. पुढचा मुद्दा होता सराव. एकाने घरमालक व्हावं, दुसऱ्याने त्याच्याशी बोलावं, बाकीच्यांनी बघावं. हा मुद्दा घालताना त्याला फार संकोच वाटला होता, की नाटक करायला कोण तयार होणार? आता त्याने तो मुद्दा दोनदा वाचला. आपण स्वतःला फसवत तर नाही ना, हे तपासून पाहिलं. घरमालक खोटाच असावा असं त्यात कुठे लिहिलं नव्हतं.

"हॉइट," तो म्हणाला, आणि आपला आवाज एवढा मोठा निघाल्याचं त्यालाच नवल वाटलं, "या, असे पुढे या. ट्वायलाबाई, बसा. हा सराव आहे आणि खराही आहे. घड्याळ चालू आहे. बोला यांच्याशी."

ट्वायला बसली. पर्समधून पेन काढलं. "हॉइट, तुझ्या पॉलिसीचा..."

"नाही," व्हर्लन म्हणाला.

बारा वर्षांत तो वर्गात कोणालाही नाही म्हणाला नव्हता. ट्वायलाने पेन खाली ठेवलं. मग तिने हॉइटकडे बघितलं. नीट बघितलं. टोपीची कड तो बोटांत चुरगाळत होता, आणि ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

"घरी कोण आहे रे आत्ता?" तिने विचारलं.

"रेना आहे." रेना म्हणजे त्याची बायको.

"लागलं नाही ना तिला?"

"नाही. लागलं नाही." हॉइट थांबला. "ती ओसरी झाडतेय. गारा झाडतेय. वरून छप्पर गळतंय, खोल्यांत पाणी झालंय, आणि ही ओसरीवर झाडू घेऊन उभी. मी म्हटलं, अगं, पुरे. तर ऐकत नाही. बोलतही नाही."

डेल्फा दारात येऊन उभी राहिली होती.

"तू खाल्लंयस का काही?" ट्वायलाने विचारलं.

"सकाळपासून नाही."

"ताट आणा त्याला," मिस ओपल म्हणाल्या. "आणि केक. माझा तुकडा द्या, नाहीतरी तो माझ्या दातांना लागतो."

हॉइट बसला. पहिले दोन घास त्याने कोणी पाठीमागे लागल्यासारखे खाल्ले. मग त्याच्या खांद्यांतला ताण गेला आणि तो आपणहून सांगायला लागला. आधी आवाज आला, मग घोडी कशी उधळली, मग स्वयंपाकघराच्या खिडक्या कशा एकामागून एक गेल्या. ट्वायलाने काही लिहून घेतलं नाही. पण पाहणीला लागणारी एकूण एक गोष्ट त्याच्या बोलण्यात आपोआप आली, ती बर्लने कागदी रुमालावर टिपून घेतली.

"मी जातो याच्याबरोबर," बर्ल म्हणाला. "माझे तास सकाळीच भरलेत. अंधार पडायच्या आत ताडपत्री तरी टाकू." वाढदिवसाला आलेल्यांपैकी दोघं-तिघं उठले. एकाकडे शिडी होती. हॉइट जाताना ट्वायलाचा हात धरून म्हणाला, "तुम्ही मागून येताय ना, मिस ट्वायला?"

"आलेच मी. गुरुजींनी सोडलं की निघाले."

गाड्या गेल्या. व्हर्लनने घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं उरली होती. त्याने कागद पाहिले. कागद संपले होते.

"चल, झालं की," ट्वायला म्हणाली. ती किल्ल्या हातात घेऊन बसली होती.

"दहा मिनिटं आहेत अजून."

"व्हर्लन!"

"मला माफ करा, पण आहेत."

ट्वायलाने त्याच्याकडे रागाने पाहिलं, आणि मग तिचा राग तिचा तिनेच गिळला. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "बरं, मग शिकव. मी आता जाणार रेनाच्या दारात. ती बोलत नाही. झाडतेय. मी तिला काय म्हणू?"

व्हर्लन विचार करू लागला. असलं काही त्याने लिहिलंच नव्हतं. पाहणीसाठी चढलेल्या सगळ्या ओसऱ्या त्याने आठवून पाहिल्या. उन्हातल्या, चिखलातल्या, अर्ध्या उरलेल्या. शिकवणाऱ्याने हे कबूल करावं की नाही याचाही विचार करून झाला. शेवटी तो म्हणाला, "मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही? वर्ग तुझा आहे ना?"

"हो. पण हे माहीत नाही."

भाची ताटल्या गोळा करत होती. ट्वायला म्हणाली, "पुरे कर म्हणावं? नाही, ते हॉइटने म्हणून झालं."

"पैसे मिळतील म्हणावं?"

"आत्ताच नको. तिला वाटेल मी नंबर विचारायला आले."

"थंडी वाजत असेल, आत चल म्हणावं..."

"आत पाणी आहे रे."

मिस ओपल मुकुट काढून मांडीवर ठेवत होत्या. "किती बोलता तुम्ही दोघं," त्या म्हणाल्या. "काही म्हणू नका तिला. एक झाडू न्या आणि दुसऱ्या टोकापासून झाडायला लागा."

ट्वायलाने व्हर्लनकडे पाहिलं. व्हर्लनने पेन काढलं आणि आपल्या छापील कागदाच्या खाली, मोकळ्या जागेत, ते लिहून घेतलं. मग पुन्हा घड्याळ पाहिलं. वेळ भरत आली होती. मिनिटकाटा शेवटच्या रेघेवर सरकेपर्यंत तो थांबला, आणि मग म्हणाला, "झालं."

त्याने लॅपटॉप उघडला. ट्वायला त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि तिचा श्वास त्याच्या कानाला लागत होता. दुपारचा वर्ग. एक विद्यार्थी. ट्वायला हॅस्केट. त्याने कळ दाबली. पडद्यावर बराच वेळ काही झालं नाही. मग नाव हिरवं झालं, तास जमा झाले, आणि लायसनच्या पुढे आणखी दोन वर्षांनंतरची तारीख आली.

"हे खरं आहे ना?" ट्वायलाने विचारलं.

"सगळं खरं आहे. मिनिटन् मिनिट."

तिने व्हर्लनच्या टकलावर चटकन मुका घेतला आणि ओरडली, "डेल्फा! झाडू दे!"

पुढे कोणी काही विचारायच्या आत ती हॉटेलचा झाडू घेऊन अंगणात पोचली होती. गाडी सुरू झाली. झाडूचा दांडा खिडकीतून बाहेर आला. व्हर्लन कागद पिशवीत भरत होता, तोच हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा.

"अरे, येतोयस की नाही?" वाऱ्यातून तिचा आवाज आला. "दारात उभं राहायचं तू शिकवतोस आणि घरी जाऊन बसतोस?"

व्हर्लनला अनेक कारणं सुचली. आपला तिथे काय उपयोग, हे त्यातलं पहिलं. ते सांगायला तो खोलीच्या खिडकीपर्यंत गेलाही. मग परत फिरला.

"डेल्फा," तो म्हणाला, "आणखी एखादा झाडू असेल का?"

"राजा, मी मासे तळते. झाडूंचं दुकान नाही माझं." तिने कोपऱ्यातून फरशी पुसायचा मोठा पोछा ओढून काढला आणि त्याच्या हातात दिला. "हा ने. खोल्यांत पाणी झालंय म्हणाला ना तो?"

व्हर्लनने पोछा खांद्यावर टाकला, मिस ओपलना वाकून नमस्कार केला आणि टोपी सांभाळत वाऱ्यात बाहेर पडला.